होडीची दुरुस्ती : आधी वही, मग ग्राइंडर



एप्रिल संपत आला. आता महिन्याभरात होड्या वर ओढायची गडबड सुरू होईल. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी लागली की आपण सगळेच म्हणतो, "दोन महिने हातात आहेत, सावकाश करू काम." आणि दरवर्षी तेच होतं. जून पावसात जातो, जुलै जाळी सांधण्यात जातो, आणि शेवटच्या आठवड्यात रेझिन आणायला धावपळ होते.

मागच्या मोसमात आपल्याच एका सभासदाच्या होडीचं असंच झालं. जुलैच्या शेवटी, पाऊस थांबला त्या दोन तासांत, घाईघाईत तळाला फायबरचं ठिगळ मारलं. वरून रंग दिला, होडी नवी कोरी दिसली. ऑगस्ट संपायच्या आत ते ठिगळ समुद्रात सुटलं. तीन माणसं बालदीनं पाणी उपसत, जाळी टाकून देऊन, कशीबशी किनाऱ्याला लागली. माणसं वाचली ही देवाची कृपा. पण जाळी गेली, आणि ऐन बांगड्याच्या दिवसांत तीन आठवडे होडी पुन्हा वर बसली.

ठिगळ मारणाऱ्याचा हात वाईट नव्हता. रेझिनही चांगलं होतं. खाली लाकूड ओलं होतं, एवढंच.

म्हणून यंदाच्या पाठात एकच गोष्ट सांगायची आहे. बंदीचे महिने आपल्याला सुट्टीचे मिळतात, पण होडीच्या अंगाचं काम करायला तेच सगळ्यात वाईट महिने आहेत. फायबर, रेझिन, रंग यांना कोरडी हवा लागते. तेव्हा कामाचे दोन भाग करा : कोरड्यातलं काम आणि पावसातलं काम. कोरड्यातलं काम मे महिन्यातच उरकायचं. त्यासाठी आजपासून बेत आखावा लागेल. हा पाठ साधारण वीस-बावीस फुटांच्या होडीसाठी आहे, मग ती पूर्ण फायबरची असो किंवा लाकडी असून वरून फायबर मारलेली.

पहिली पायरी : होडी वर घ्या आणि धुवा

होडी जिथे ठेवणार ती जागा आधी ठरवा. अंगणात, माडाखाली, मांगरात, कुठेही चालेल, पण वर आडोसा हवा आणि वारा खेळता हवा. टेकू देताना तळाच्या कण्याखाली द्या, नुसत्या फळीखाली किंवा फायबरच्या मधल्या पोकळ भागाखाली नको. तीन ठिकाणी टेकू दिले आणि होडी एका बाजूला कलली, तर महिन्याभरात तिचं अंग वाकडं होतं आणि पुढे ती पाण्यात सरळ चालत नाही. नाळ थोडी वर ठेवा, मागचं बूच काढून ठेवा, म्हणजे आत पडलेलं पाणी आपोआप निघून जाईल.

मग होडी गोड्या पाण्यानं धुवा, आतून आणि बाहेरून. ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. लाकडात नि भेगांत बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. मीठ आत राहिलं तर होडी कितीही दिवस ठेवा, ती वरवर सुकते, आत ओलीच राहते.

दुसरी पायरी : खडू आणि वही घेऊन तपासणी

अजून पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. ग्राइंडर तर नाहीच. आधी फक्त बघायचं, ठोकायचं, टोचायचं आणि लिहायचं.

पाण्याची परीक्षा सगळ्यात सोपी. सुकवायच्या आधीच होडीत चार-पाच बालद्या पाणी ओता आणि बाहेरून बघा, थेंब कुठून येतो. जिथून येतो तिथे खडूनं खूण करा. जास्त पाणी भरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि टेकूवर बसलेली होडी आतल्या पाण्याचं वजन पेलायला बांधलेली नसते. परीक्षा झाली की पाणी काढून टाका.

मग ठोकून बघा. लहान हातोडीच्या लाकडी दांड्यानं तळाला, कडेला, नाळेला वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या ठिकाणी खणखणीत आवाज येतो. जिथे फायबर लाकडापासून सुटलंय किंवा आत कुजलंय, तिथे आवाज बद्द येतो. त्या जागेभोवती खडूनं गोल काढा.

लाकडी भागाला टोच्या लावून बघा. चांगल्या लाकडात टोक अडकतं, कुजलेल्यात लोण्यासारखं जातं. तीन जागा चुकवू नका. एक, इंजिन लावतो ती मागची फळी, खास करून बोल्टांच्या भोकांभोवती. पाणी तिथूनच आत शिरतं. दोन, नाळेचा खालचा भाग, जो वाळूवर घासतो. तीन, आतले बाक जिथे कडेला जोडलेत ते सांधे. उलांडीची होडी असेल तर तिच्या बांधण्या आणि आडव्या काठ्याही बघा.

बाकाखाली तरंगण्यासाठी थर्माकोल भरलेला असेल तर तो बाहेर काढून हातात घ्या. जड लागला तर त्यात पाणी मुरलंय. होडी उलटली तर तिला तरंगत ठेवायचं त्याचं काम तो करणार नाही.

हे सगळं वहीत लिहा. होडीचं साधं चित्र काढा, वरून एक आणि बाजूनं एक, त्यावर आकडे टाका, आणि प्रत्येक आकड्याची लांबी, रुंदी, काय झालंय ते समोर लिहा. मोबाईलवर फोटो काढाच, पण वही सोडू नका. फोटोत बद्द आवाज दिसत नाही. नोंदणी क्रमांकाचा फोटो मात्र घासकाम सुरू करायच्या आधी नक्की घ्या. पुन्हा रंगवताना तो जसाच्या तसा यायला हवा.

तिसरी पायरी : तीन याद्या

आता वहीतल्या कामांच्या तीन याद्या करा.

पहिली यादी, माणसाच्या जिवाची. तळातलं भोक, सुटलेलं फायबर, इंजिनाची कुजलेली फळी, पाणी मुरलेला थर्माकोल. ही कामं झाल्याशिवाय होडी समुद्रात जाणार नाही. दिवस कमी पडले तरी नाही, पैसे कमी पडले तरी नाही.

दुसरी यादी, या मोसमात व्हायला हवीत अशी कामं. कडेची पट्टी, हललेले बाक, बाहेरचा रंग.

तिसरी यादी, झाली तर बरं. नवं नाव, नाळेवरचं चित्र, नवीन रंगसंगती.

हसू नका. आपल्याकडे बहुतेक वेळा पैसा तिसऱ्या यादीपासून खर्च व्हायला लागतो, कारण ती कामं डोळ्याला दिसतात.

चौथी पायरी : सुकलं की नाही ते कसं ओळखायचं

जिथे आवाज बद्द आला तिथलं सुटलेलं फायबर काढून टाका, चांगला भाग लागेपर्यंत. आत कुजलेलं लाकूड असेल तर तेही काढा. वरून ठिगळ मारून आत ओल कोंडली, तर ते लाकूड बाहेरच्यापेक्षा लवकर कुजतं. त्याला वारा लागतच नाही.

सुकवताना कडक उन्हात एकच बाजू ठेवू नका, लाकूड तडकतं. सावलीत आणि वाऱ्यावर सुकू द्या.

सुकलं का, हे बघायची घरगुती युक्ती अशी. उघड्या केलेल्या जागेवर हातभर पारदर्शक प्लास्टिक लावा, चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आत बाष्प दिसलं तर लाकूड अजून ओलं आहे. पुन्हा चार दिवस थांबा, पुन्हा प्लास्टिक लावा. दोन रात्री लागोपाठ कोरडं निघालं की मगच रेझिन. ही युक्ती जुलैत का चालत नाही ते सांगायला नको. जुलैत ते प्लास्टिक कधीच कोरडं निघत नाही.

आणखी एक सूचना जुन्या लाकडी होड्यांसाठी. ज्या लाकडाला वर्षानुवर्षं माशाचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल पाजलंय, त्यावर रेझिन नीट धरत नाही. अशी होडी असेल तर "सगळीकडे फायबर मारून टाकू" असा विचार करू नका. फळी बदला, सांधे भरा, पुन्हा तेल द्या. वाडवडिलांची ती पद्धत त्या लाकडाला योग्यच आहे.

पाचवी पायरी : सामानाचा हिशेब

दुकानात जाऊन "पाच किलो रेझिन द्या" म्हणणं सोडून देऊया. उरलेलं रेझिन आपल्या उकाड्यात डब्यातच घट्ट होऊन जातं, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी तेच अर्धवट बिघडलेलं वापरतो.

हिशेब असा करा. समजा, फायबरच्या तळाला ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद जागा खराब आहे आणि तिथली जाडी ५ मिलिमीटर आहे. ४५० ग्रॅमची मॅट हातानं मारली की एका थराला साधारण १ मिलिमीटर जाडी मिळते. म्हणजे पाच थर.

भोकाच्या कडा उभ्या ठेवून ठिगळ टिकत नाही. जाडीच्या बारा पट रुंदीचा उतार घासायचा. ५ मिलिमीटरला ६० मिलिमीटर, म्हणजे सहा सेंटिमीटर, चारी बाजूंनी. मग बाहेरचं माप झालं ४२ बाय ३२ सेंटिमीटर, म्हणजे ०.१३४ चौरस मीटर. खरं तर आतले थर लहान असतात, पण हिशेबाला सगळे मोठ्या मापाचे धरा. ०.१३४ गुणिले ५ म्हणजे ०.६७ चौरस मीटर मॅट. ४५० ग्रॅमनं गुणलं की साधारण ३०० ग्रॅम. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन धरलं तर पाऊण किलोच्या आत. सांडलं, ब्रशला लागलं ते धरून एक किलो. एवढंच लागतं.

प्रत्येक खुणेचा असा हिशेब मांडा, बेरीज करा, मग दुकानात जा. दोन-तीन सभासदांनी मिळून घेतलं तर फुटकळ भावापेक्षा नक्कीच बरं पडेल. सोसायटीत यादी द्या, आपण एकत्र मागवू.

सगळ्या होडीला वरून नवं आवरण द्यायचा विचार असेल तर वजनाचाही हिशेब करा. दोन थर म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ तीन किलो. बाहेरचं अंग १५ चौरस मीटर असेल तर ४५ किलो वाढले. म्हणजे जन्मभरासाठी आणखी एक माणूस होडीत बसवला. तेवढी मासळी कमी येणार, तेवढं इंधन जास्त लागणार.

खिळे, स्क्रू, बोल्ट घेताना साधं लोखंड घेऊ नका. तांबं किंवा चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या. प्लायवूड लागणारच असेल तर मरीन, आय.एस. ७१० शिक्का बघून. त्याच्या कापलेल्या कडा रेझिननं बंद केल्याशिवाय बसवू नका.

रेझिन कोणतं, हेही आधी ठरवा. लाकडाला इपॉक्सी जास्त चांगलं धरतं, पण महाग पडतं. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी चालतं. इपॉक्सीवर मात्र पॉलिस्टर नीट धरत नाही. म्हणजे एकदा इपॉक्सी लावलं की त्या जागी पुढेही इपॉक्सीच. आणि पॉलिस्टर रेझिन थर्माकोलला लागलं तर थर्माकोल विरघळून जातो. बाकाखाली काम करताना हे लक्षात ठेवा.

सहावी पायरी : घरात काम, म्हणून जास्त काळजी

अंगणात काम करतो म्हणजे आजूबाजूला मुलं असतात, चूल असते, कोंबड्या असतात. म्हणून ही चार वाक्यं मांगराच्या भिंतीवर लिहून लावा.

कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, आणि हार्डनर शेवटी, काम सुरू करायच्या क्षणी.

हार्डनर अंदाजानं ओतायचा नाही. एक किलो रेझिनला एक टक्का म्हणजे साधारण १० मिलिलिटर. सुई काढलेल्या सिरिंजनं मोजा. दुकानदारानं किंवा डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका. डब्यात साठलेलं रेझिन तापतं, धूर येतो, पेटतंसुद्धा.

हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा. गेलाच तर लगेच पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धूत राहा आणि तसंच दवाखान्यात जा.

फायबर घासताना तोंडाला चांगला मास्क, अंगात पूर्ण बाह्या. काम चालू असताना विडी-सिगारेट नाही, चूल नाही.

सातवी पायरी : दिवसांची मांडणी

मेचा पहिला आठवडा : होडी वर घेणं, पाण्याची परीक्षा, धुणं, तपासणी, याद्या.

दुसरा आणि तिसरा आठवडा : सुटलेलं काढणं, सुकवणं, प्लास्टिकची परीक्षा. याच दिवसांत सामान आणणं आणि मेस्ताशी बोलणी.

चौथा आठवडा : लाकूडकाम, फायबर, बाहेरचा प्रायमर. वळवाच्या सरी येतात, म्हणून ताडपत्री आधीच बांधून ठेवा.

जून-जुलै : इंजिन उघडणं, वल्ही, दोर, जाळी, लाईफ जॅकेट तपासणं. उघाडीच्या दिवशी आतला रंग.

जुलैचा शेवटचा आठवडा : खाडीत किंवा नदीच्या शांत पाण्यात चाचणी. तासभर नुसती उभी ठेवा, मग इंजिन लावून फिरवा, मग तळ कोरड्या हातानं चाचपून बघा.

आता खरा प्रश्न. मेच्या पहिल्या आठवड्यात होडी वर घ्यायची म्हणजे मोसमातले चार आठवडे सोडायचे. हे बोलायला सोपं आहे, घर चालवायला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हा हिशेब एकट्यानं करू नका. घरात मासळी विकायला बसते तिला वही दाखवा. मेमध्ये रोज किती सुटतात, उधारी कुठे आहे, ऑगस्टमध्ये तीन आठवडे होडी बसली तर काय होईल, हे आपल्यापेक्षा तिला नेमकं माहीत असतं. वहीत पहिल्या यादीचं काम नसेल, तर मेच्या अखेरीपर्यंत खुशाल मासेमारी करा. असेल, तर चार आठवडे सोडलेले परवडतील.

मधला मार्गही आहे. शेजारच्या दोन घरांनी एका होडीवर मेमध्ये जायचं, दुसरी दुरुस्तीला लावायची, आणि वाटा आधी लिहून ठरवायचा. पुढच्या वर्षी उलट. सोसायटी कागद करून देईल.

पैसे बाजूला काढताना ठरलेल्या खर्चाचा पाचवा हिस्सा वेगळा ठेवा. फायबर उघडल्यावर आत काहीतरी जास्तीचं निघतंच. सरकारी मदतीचा विचार असेल तर खरेदी करण्याआधी मत्स्योद्योग खात्यात विचारून घ्या. होडीची लांबी किंवा इंजिन बदलणार असाल तर तेही आधीच कळवा.

आणि काम इतकं निघालं की मेमध्ये होत नाही, तर अर्धवट करून १ ऑगस्टला पाण्यात ढकलू नका. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास पुन्हा कोरडी हवा मिळते. तोपर्यंत दुसऱ्याच्या होडीवर वाट्यानं जाण्यात कमीपणा नाही. मागच्या वर्षी ज्या तीन घरांत दुपारभर माणसांची वाट बघत बसले होते, त्यांना विचारा.

येत्या रविवारी संध्याकाळी चार वाजता सोसायटीच्या मांगरात एक जुनी होडी ठेवली आहे. ठोकून आवाज कसा ओळखायचा ते प्रत्यक्ष दाखवू. वही आणि खडू घेऊन या. पोरांनाही आणा, त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात.



आपली सोसायटी, चिटणीस